हॉर्न न वाजवणारी बस

नाइट ड्यूटी संपवून मी घरी पोचते तेव्हा सव्वासहा वाजलेले असतात. जुलैतलं पर्थ त्या वेळी काळोखात गारठून पडलेलं असतं. गवतावर दव आहे की रात्रीचा पाऊस, ते कळत नाही. निलगिरीच्या भिजलेल्या सालींचा औषधी वास गल्लीभर कोंदलेला असतो आणि मॅगपाय हा इथला काळापांढरा पक्षी घशात पाणी धरून गुळण्या केल्यासारखा गात असतो. वृद्धाश्रमातल्या दहा तासांनंतर मला फक्त आल्याचा चहा आणि पांघरूण दिसत असतं. नेमक्या त्या वेळी आमच्या गल्लीत एक पांढरी मिनीबस वळते. आत चौदा-पंधरा वर्षांची दहा-बारा पोरं, एवढ्या थंडीत अर्ध्या चड्डीत, एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून पेंगणारी. बस तिसऱ्या घरासमोर थांबते. हॉर्न वाजत नाही. चालवणारा माणूस खाली उतरतो. दार भरून जाईल एवढा रुंद, डोक्याला लोकरीची टोपी. फाटकाशी जाऊन उभा राहतो. फाटक त्याच्या कमरेएवढं, कडी कधीचीच मोडलेली. बोट लावलं तरी उघडेल. तो लावत नाही. खिशात हात घालून बाहेरच उभा. मग घरात दिवा लागतो, दार करकरतं आणि एका खांद्यावर दप्तर लटकवून एक शेलाटा मुलगा बाहेर येतो.

त्या दिवशी दिवा लागला नाही.

माणूस पाचेक मिनिटं थांबला. मग बसमधून तो अंडाकृती चेंडू घेऊन आला, फुटपाथच्या ओल्या कडेवर बसला आणि रस्त्यावर चेंडू आपटत राहिला. फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, हा चेंडू टप्पा खाऊन कुठे उसळेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही, पण याच्या हातात मात्र तो दर वेळी मुकाट परत येत होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कप धरून उभी. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एकासाठी बारा जण खोळंबलेत. आमच्या वेळी एसटी कुणासाठी थांबायची नाही. पंधरा मिनिटांनी तो उठला, बंद दाराकडे बघून काहीतरी बोलला, फाटकावरून वाकून चेंडू आतल्या गवतावर ठेवला आणि बस निघून गेली. मी झोपून उठले तरी चेंडू तिथेच होता, अंगणात भिजत.

पर्थमध्ये राहणाऱ्यांना या बसचं नवल नाही. 2000 साली याच शहरात, कॅनिंग नदीकाठच्या क्लॉन्टार्फ कॉलेजात, जेरार्ड नीशम या माणसाने 25 अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथली मूळची आदिवासी, मुलं गोळा करून फुटबॉलची अकादमी काढली. नीशम स्वतः खेळलेला, फ्रीमँटल संघाचा पहिला प्रशिक्षक. त्याचा हिशेब सरळ होता. ही पोरं शाळा बुडवतात, सराव बुडवत नाहीत. मग सरावच शाळेत आणा, आणि वर्गात दिसला नाहीस तर मैदानावरही दिसायचं नाही, असं बजावा. आज देशभरातल्या शंभराहून जास्त शाळांमध्ये अशा अकादम्या आहेत आणि त्यांत दहा हजारांहून अधिक मुलं. क्वीन्सलंडकडे रग्बी लीग चालतं म्हणून तिथे रग्बी. तिथली अशीच एक योजना आर्थर बीट्सनच्या नावाने चालते. 1973 मध्ये ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झालेला तो पहिला अ‍ॅबोरिजिनल खेळाडू, कुठल्याही खेळातला. आमच्या गल्लीत येणारी बस अशाच कुठल्याशा योजनेतली. चालवणारा माणूस कधीकाळी राज्याच्या लीगमध्ये खेळलेला. आपण ज्याच्यासोबत फोटो काढायला धावू असा नव्हे. पण बसमधल्या पोरांना त्याचे जुने गोल तोंडपाठ, आणि ती त्याला अंकल म्हणतात.

अ‍ॅबोरिजिनल लोकांत अंकल आणि आंटी ही मानाची हाक आहे. वयाने आणि शहाणपणाने मोठ्या माणसाला ती मिळते. हे मला ठाऊक नव्हतं. इथे गोऱ्या शेजारणी ऐंशीच्या म्हातारीलाही नावाने हाक मारतात, ते माझ्या जिभेवर काही केल्या बसेना, म्हणून तिसऱ्या घरातल्या आजीबाईंना मी पहिल्याच दिवशी नाशिकच्या सवयीने आंटी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि आत जाऊन पिशवीभर लिंबं आणून दिली. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्यांची लिंबं आणि माझं लोणचं अशी देवाणघेवाण आहे. आंटी नूंगार. हा सगळा मुलूखच नूंगार लोकांचा. त्यांच्या वर्षात सहा ऋतू, आणि जून-जुलैतल्या या गारठ्यापावसाचं नाव मकुरु. तो शेलाटा मुलगा त्यांचा नातू. त्याच्या मागची बहीण तेरा वर्षांची.

चेंडूच्या गोष्टीनंतर दोनेक दिवसांनी मी लोणच्याची बरणी घेऊन गेले आणि न राहवून विचारलं, बस हॉर्न का वाजवत नाही?

“मीच सांगितलंय त्याला,” आंटी म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी. माझ्या दारात हॉर्न वाजवायचा नाही, आणि फाटक मी उघडलं तरच आत यायचं.”

एवढं बोलून त्या लिंबं पुसायला लागल्या. मी उठावं की थांबावं, या विचारात. मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं की लहानपणी मोटारीचा आवाज आला की त्यांची आई त्यांना मागच्या झुडपांत ढकलायची. पालथं पडून राहायचं, तोंडात माती गेली तरी हलायचं नाही. मोटार म्हणजे वेल्फेअरवाला. या राज्यात 1905 च्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या प्रत्येक अ‍ॅबोरिजिनल मुलाचं पालकत्व एका सरकारी अधिकाऱ्याकडे गेलं होतं. आईबाप जिवंत, घरात, चुलीपाशी बसलेले असले तरी. मुलं उचलून मिशनांत आणि वसतिगृहांत नेली जात, आणि कारण सांगितलं जाई शिक्षणाचंच. देशाच्या पंतप्रधानाने संसदेत त्याबद्दल माफी मागितली ती 13 फेब्रुवारी 2008 रोजी. मी तेव्हा नुकतीच इथे आले होते. ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्हीसमोर माणसं रडत होती आणि मला वाटत होतं, एवढं काय झालं?

संध्याकाळी, म्हणजे नाशिकच्या दुपारी, नानांना, माझ्या वडिलांना, फोन केला. नाना आता ऐंशीच्या आसपास आहेत, जेवण झालं की फोनची वाट बघत बसतात. त्यांना मी ही गोष्ट सांगितली आणि वर हेही सांगितलं की इव्हॉन गूलागाँगचंही असंच होतं; बॅरेलन नावाच्या लहानशा गावात ती वाढली आणि मोटार आली की तिची आई म्हणायची, लपा, नाहीतर तो माणूस तुम्हाला घेऊन जाईल. पलीकडून नाना एकदम ताठ झाल्यासारखे. “गूलागाँग? विम्बल्डनवाली? एकाहत्तर आणि ऐंशी!” ‘गांवकरी’त आलेला तिचा फोटो त्यांना आठवत होता. ती आदिवासी आहे, हे मात्र तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. तीच गूलागाँग पुढे देशभर टेनिसची शिबिरं घेऊन अ‍ॅबोरिजिनल मुलांना शाळेत टिकून राहा म्हणून सांगत फिरली. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्याकडेही लपायचीच की पोरं.”

नाना प्राथमिक शिक्षक. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर त्यांनी अकरा वर्षं काढली. मे महिन्याच्या सुट्टीत शहरातली मुलं मामाकडे जायची, मी मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात नानांच्या सायकलच्या कॅरियरवर बसून पटनोंदणीला जायची. लाल मातीचा चढ, घामाने ओला झालेला नानांचा पांढरा सदरा, करवंदांचा चीक, आणि कुठल्यातरी कुडाच्या घरात नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. पाडा जवळ आला की आधी कुत्री भुंकायची आणि मग कुठूनतरी आरोळी उठायची, “गुरुजी आला!” की पोरं कारवीच्या दाटीत गडप. मला तो लपाछपीचा खेळ वाटायचा. नाना आंब्याखाली सायकल उभी करायचे आणि तिथेच बसून राहायचे. कुणाच्या ओट्यावर चढायचे नाहीत. तासाभराने एखादं पोर मागून येऊन सायकलचं पेडल गरागरा फिरवायचं, मग दुसरं. मला वाटायचं, नानांना चालवत नाही म्हणून ते बसतात.

आता फोनवर त्यांनी जे सांगितलं ते एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. 1976 साली शिक्षकांनाही नसबंदीच्या केसेस आणाव्या लागत. आकडा ठरलेला, नाही भरला तर पगार अडायचा. नाना तेव्हा नवे होते. त्याच पाड्यांवर, त्याच सायकलवरून ते गेले होते. किती माणसं आणली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. “पुढे दहा वर्षं माझ्याकडे बघून मोठी माणसंही आत जायची,” म्हणाले. “पोरांचं काय घेऊन बसलीस.”

आमच्या मराठी मंडळींच्या जेवणात हा विषय निघतो तेव्हा मला हल्ली बोलता येत नाही. सरकार एवढं देतं, तरी यांची मुलं शाळेत जात नाहीत, असं कुणीतरी पुरणपोळीवर तूप ओतत म्हणतं. हेच वाक्य, याच चालीत, मी नाशिकमध्ये कोकणा आणि महादेव कोळी लोकांबद्दल ऐकत मोठी झाले. गंमत म्हणजे याच टेबलावर क्रिकेटची सगळी आकडेवारी सगळ्यांना पाठ. नाइट वॉचमन म्हणून येऊन 201 नाबाद काढणारा जेसन गिलेस्पी सगळ्यांना आठवतो, तो कामिलारोई या अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या वंशाचा आहे हे कुणाच्या गावीही नसतं. मलाही नव्हतं. त्या दिवशी खिडकीत उभं राहून एकासाठी बारा जण खोळंबले म्हणून चडफडणारी मी या मंडळींहून वेगळी कुठे होते?

सरकारनेही काही कमी करून पाहिलं नाही. 2009 पासून काही वर्षं नॉर्दर्न टेरिटरीतल्या काही वस्त्यांत मूल शाळेत गेलं नाही तर आईबापांचा भत्ता रोखायची योजना होती. 2014 मध्ये दूरच्या वस्त्यांत पिवळे शर्ट घातलेली माणसं घरोघर फिरून मुलं गोळा करू लागली आणि पाच वर्षांत हजेरीतली तफावत मिटवायची असं दिल्लीतल्या (चुकले, कॅनबेरातल्या, जित्याची खोड) साहेबांनी ठरवलं. 2018 उजाडलं तेव्हा अ‍ॅबोरिजिनल मुलांची हजेरी 82 टक्क्यांच्या आसपास आणि बाकीच्यांची 93. हललंच नाही काही. त्यापेक्षा मला या राज्यातल्या वाळवंटी वस्त्यांमधल्या पोहण्याच्या तलावांची गोष्ट आवडते. 2000 च्या सुमारास ते बांधले आणि पाटी लावली, शाळा नाही तर पोहणं नाही. मुलं शाळेत किती आली ते असो, पण खारट, स्वच्छ पाण्यात रोज डुंबून त्यांच्या अंगावरची गळवं आणि कानातला पू कमी झाला. कानातला पू ही इथली जुनी दुखरी जागा. लहानपणापासून कान वाहतात, अर्धवट ऐकू येतं, शिक्षक विचारतात ते कळत नाही, आणि मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून मागच्या बाकावर जातं. मागच्या बाकावरून दार जवळ असतं.

आंटींच्या नातवाचं तेच झालं होतं. डावा कान. वर्गात कुणीतरी चारचौघांत सुनावलं आणि मग लाज. इथली मुलं ‘शेम’ हा शब्द ज्या वजनाने वापरतात, ते इंग्रजी शब्दकोशात सापडत नाही. आपल्या लाजेच्या तो जास्त जवळचा आहे. डबा आणला नाही, बूट फाटलेत, उत्तर चुकलं, सगळ्यांसमोर कौतुक झालं, तरीही शेम. तीन दिवस तो घराबाहेर पडला नाही. चौथ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा फाटकाबाहेर, बस यायच्या आधीच, काखेत चेंडू धरून उभा. पुढे एकदा बसवाल्या अंकलला मी विचारलं की चेंडू विसरला होतास का. तो हसला. नुसतं परत ये म्हटलं तर मुलगा येत नाही, म्हणाला. मग सगळ्यांना कळतं की तो नव्हता. दुसऱ्याची वस्तू परत करायची असली की यायला निमित्त मिळतं.

मला हे फार मोठं वाटलं आणि लगेच थोडा संशयही आला. कारण या सगळ्या योजनांच्या मुळाशी एक स्वप्न लटकावलेलं असतं: पळ, खेळ, तूही तसाच होशील. तसं होतात किती? आणि होतात त्यांचं काय होतं, ते ही पोरं बघत नाहीत का? पर्थच्या मोठ्या स्टेडियमबाहेर निकी विनमार या फूटी खेळाडूचा पुतळा आहे. तो इथलाच, नूंगार. 17 एप्रिल 1993 रोजी मेलबर्नच्या व्हिक्टोरिया पार्क मैदानावर प्रेक्षकांनी त्याच्या कातडीवरून शिव्या घातल्या तेव्हा त्याने जर्सी वर उचलली आणि स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवलं. पुतळा तसाच आहे, बोट दाखवणारा. पोरं त्याच्या पायाशी फोटो काढतात. त्यानंतर बावीस वर्षांनी, 2015 मध्ये, अ‍ॅडम गूड्स या अ‍ॅबोरिजिनल फूटी खेळाडूच्या हातात चेंडू आला की स्टेडियमच्या स्टेडियम हुर्यो करायची. आदल्याच वर्षी त्याला ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ केलं होतं. मोसम संपताच तो खेळातून बाहेर पडला, तो कायमचा. 2009 पासून एका सहकाऱ्यासोबत तो मुलांना शिष्यवृत्त्या देतोय, आणि तिथे सगळा जोर शिक्षणावर. का, ते मला कळू शकतं.

नाना मात्र माझ्या या शंकेला जुमानत नाहीत. त्यांच्या निवृत्तीनंतर कविता राऊतचं नाव झालं. सावरपाड्याची पोर, डोक्यावर पाणी वाहून पाय घट्ट झालेले, अनवाणी पळायला लागली आणि 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. नानांचं म्हणणं असं की पाड्यावरच्या लेकरांनी कवितासारखं पळावं हा मुद्दा नाहीच. कविता पळाल्यावर पाड्यावरच्या आईबापांना पहिल्यांदा कळलं की पोरगी घराबाहेर गेली म्हणजे काम चुकवायला गेली असं नसतं. “आमच्या वेळी कविता नव्हती,” ते म्हणाले, “एक रुपया होता.” 1992 पासून राज्य सरकार आदिवासी आणि इतर दुर्बल घटकांतल्या मुलींना हजर दिवसामागे एक रुपया उपस्थिती भत्ता द्यायचं. नानांच्या वर्गात एक मुलगी होती. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत ती यायचीच नाही, धाकट्या भावाला कडेवर घेऊन पहाटेच रानात. तिच्या नावापुढे नाना हजेरीची खूण करायचे. पूर्ण महिना. “खोटं होतं ते,” म्हणाले, “पण रुपया बंद झाला असता तर नाव काढलं असतं तिचं बापाने.” ती पुढे सातवीपर्यंत शिकली. ते खोट्या हजेरीमुळे की कशामुळे, हे नानांना अजून ठरवता आलेलं नाही.

मुलींचं निघालं म्हणून आठवलं. आंटींची नात, ती तेरा वर्षांची, दप्तर घेऊन फाटकाला रेलून बसकडे बघत असते. बस मुलांची आहे. मुलींसाठीही वेगळ्या संस्था आहेत, पण त्या उशिरा आल्या, पैसा कमी, आणि तिच्या शाळेत नाहीत. भावाने आणलेला चेंडू संध्याकाळी तीच जास्त खेळते; डाव्या पायाने मारते तेव्हा माझ्या पत्र्यावर धाडकन आवाज होतो. एकदा चेंडू मागायला आली तेव्हा मी विचारलं, तू कशी जातेस शाळेत? “चालत,” म्हणाली. असं म्हणाली की पुढे विचारायची सोय नव्हती.

त्या दिवसापासून नाना रोज फोनवर पहिला प्रश्न एकच विचारतात. माझी तब्येत, नातवंडं, बीपीच्या गोळ्या नंतर. आधी, “आला का तो?” पस्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाची ही सवय असावी. मीही खिडकीत उभी राहून दिवा लागतोय का ते बघते आणि दुपारी रिपोर्ट देते. आला. आला. उशिरा आला. मुलीचं काय, असं त्यांनी एकदा विचारलं. चालत जाते, म्हटलं. “लिहून ठेव,” म्हणाले. कुठे लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आंटींच्या भावाचं दक्षिणेकडे निधन झालं. अंत्यविधीला सगळं गणगोत जमतं, मुलंबाळं सगळी, आणि लगेच परतायची रीत नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. लिंबं झाडाखाली पडून सडायला लागली. शाळेच्या तक्त्यात या दिवसांचं काय होत असेल कोण जाणे. अंगणात गाडी नाही, पडदे ओढलेले, घर बंद आहे हे बसमधल्या पोरांनाही दिसतंय. तरी अंकल रोज उतरत होता. फाटकाबाहेर मिनिटभर उभा राहायचा, टोपी सारखी करायचा आणि जायचा.

सोमवारी नानांचा आवाज खोल गेलेला वाटला. रात्रभर खोकला होता म्हणाले. श्वास घेत घेत त्यांनी विचारलं, “आला का तो?”

“आला,” मी म्हटलं.

नाना थोडा वेळ बोलले नाहीत.

“बरं,” म्हणाले. मग विचारलं, “पाऊस आहे का गं तिकडे?”